जर्सी क्रमांक बारा

वेंगुर्ल्याच्या आमच्या मैदानाला तीन बाजूंनी कुंपण,
चौथ्या बाजूला सुरूची झाडं, त्यांच्यामागे समुद्र.
चेंडू तिकडे गेला की आणायला पळायचं काम
बाकावर बसलेल्याचं.
म्हणजे माझं.

त्या दिवशी सावंतवाडीवाल्यांशी एक-एक.
जिंकणारा मुंबईला जाणार होता.
सात मिनिटं उरलेली,
आणि त्यांना फ्री किक, मधल्या रेषेच्या जरा अलीकडे,
समुद्राकडे पाठ करून.

तुळसकर सर उभे होते
कपाळावर आडवा हात धरून.
ऊन सरळ डोळ्यांत, कोपऱ्यातला झेंडा दिसेना.
मागे न वळताच त्यांनी विचारलं,
"वारो खयसून हा रे?"

मी बुटाची नाडी बांधत होतो.
देसाईच्या पोटरीत गोळा आला होता,
वाटलं, आता आपल्याला आत घेतील.
दुहेरी गाठ मारता मारता म्हणालो,
"पडलो, सर."

मान वर केली नव्हती.

सर ओरडले, "इनास, भायर ये! भायर!"
इनास डिसोजा आला बाहेर.
उंच पोरगा, हात पापलेटच्या जाळ्यासारखे पसरलेले.
चेंडू त्याच्याच हातात यायचा होता
तो वरच्या वर थांबल्यासारखा झाला,
मग कुणीतरी मागून ढकलावं तसा
त्याच्या डोक्यावरून गेला,
रिकाम्या गोलात एक टप्पा पडला.
तेव्हा मी झेंडा पाहिला.
ताठ होता, फडफडत.

त्या रात्री बंदरावरच्या टपरीत दोन बाकं, दोन पक्ष.
"मास्तराक कळाक नको? वीस वर्षां हयच काढल्यानी!"
"आणि पोराक डोळे नाय? सांगलां म्हणान काय उडी मारतलो?"
बशीतला चहा थंड झाला तरी कुणी हटेना.
कुणीतरी मला विचारलंही,
"तू तर बाजूकच होतस, काय झाला?"
मी म्हणालो, "माका काय दिसाक नाय,
मी नाडी बांधी होतंय."
जे खरंच होतं.

प्राचार्यांना कारण लेखी हवं होतं.
सरांनी लिहिलं: गोलरक्षकाने जागा सोडली.
इनासने लिहिलं: सरांनी सांगितले म्हणून सोडली.
दोन्ही कागद एकाच फायलीत, एकाच टाचणीला.
पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या सरांकडे गेला,
आणि इनास बापाच्या होडीवर.
सर नंतर फक्त भूगोल शिकवायचे.
मोसमी वाऱ्यांच्या धड्याला फळ्यावर बाण काढताना
खडू तुटायचा त्यांचा. खडूच तसले होते, म्हणा.

इनास कधी बंदरावर भेटतो.
एकोणीस वर्षं झाली, पोट सुटलंय त्याचं,
बांगड्याच्या टोपलीतले दोन-चार पिशवीत टाकतो,
पैसे घेत नाही.
एकदा आपणहून म्हणाला,
"सरांचीच चूक रे. पण माकाय कळाक होयी होता."
मी तोंड उघडलं.
पिशवीतून पाणी गळत होतं पायावर,
मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली,
विचारलं, "उद्या जातलस काय?"
त्याने बोट चोखून वर धरलं,
थोडा वेळ तसाच उभा राहिला,
म्हणाला, "बघूया."

मॅचच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी जर्सी परत केल्या.
क्रीडाविभागातले परुळेकर एकेक उलगडून बघायचे,
मळ, उसवण, रक्त, सगळं वहीत टिपायचे.
इनासचं कोपर फाटलं होतं,
त्याच्याकडून अकरा रुपये घेतले.
माझी घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
परुळेकरांनी नाकाशी धरली, हसले,
आणि सुबक अक्षरात लिहिलं:
क्र. १२. परत. स्वच्छ.
मी त्याखाली सही केली.