एका अक्षराचं सर्वनाम

मंगळवारी सहा वाजता
दुआर्ननेच्या बंदरावर, मासळीच्या जुन्या लिलावघराच्या माडीवर
मी सर्वनामं शिकवते.
अडतीस वर्षं पोस्टात काढली, पाकिटांवरची नावं वाचत;
आता नावांच्या जागी काय ठेवायचं ते सांगते.
हसू नका, कामं दोन्ही सारखीच:
ज्याचं त्याला पोचलं पाहिजे.

वर्गात सहाजण. कधी चार.
सार्डिनच्या कारखान्यातली पाळी सुटली की येतात,
हात लिंबानं घासले तरी
वह्यांना वास लागायचा तो लागतोच.

'त्यू' आणि 'वू' पहिल्याच दिवशी उरकलं.
गुलालई म्हणाली, थोरांना मान द्यायची रीत आमच्याकडेही आहे.
मग तिनं बसथांब्यावरच्या कुत्र्यालाही 'वू' म्हटलं:
न जाणो, इथलाच जन्म आहे,
कागदपत्रं पक्की असतील त्याची.

'ओं'ला वेळ लागला.
ओं म्हणजे आपण, ओं म्हणजे लोक,
नाव घ्यायचं नसेल तेव्हा कुणीही.
लेस्यानं लगेच वाक्य केलं:
"ओंनी आमचं घर घेतलं."
व्याकरणात काना-मात्रेची चूक नव्हती.
मी 'छान' म्हणाले
आणि जीभ चावली.

मग आली 'ई'.
लिहायचा शेपटीवाला वाय, म्हणायचं ई.
तिथे, त्यात, त्याविषयी,
सगळं या एवढ्याशा खुंटीला टांगायचं.
बाजारात जातेस? हो, ई जाते.
गावी परत जाणार?
(हा प्रश्न पुस्तकातला. मी गाळायला हवा होता.)

नियम एकच, फळ्यावर दोनदा अधोरेखित केला:
ई जागांसाठी, वस्तूंसाठी.
माणसाचा विचार करताना त्याला 'लुई' म्हणायचं,
वाक्याच्या शेवटी, ठसठशीत,
पाहुण्याला खुर्ची द्यावी तसं.

स्वाध्याय: नामाच्या जागी सर्वनाम लिहा.
सातवं वाक्य, "मी माझ्या भावाचा विचार करतो."
हाब्तोमनं लिहिलं: झी पाँस.

मी लाल पेन उघडलं, वहीवर वाकले.
म्हणाले, भाऊ माणूस ना रे?
भाऊ म्हणजे काही जागा नव्हे.

त्यानं खिडकीकडे पाहिलं.
भरती होती. बोटींचे दोर ताणून
पुन्हा सैल होत होते.
"मादाम," तो म्हणाला, एकेक क्रियापद चाचपत,
"होता. माणूस होता.
आई फोनवर विचारते, कुठे आहे तो.
मी नकाशावर निळं दाखवतो.
तिथे, म्हणतो. तेवढं सगळं."

पेनाचं टोपण कुठे घरंगळलं कोण जाणे.
'या पत्त्यावर राहत नाहीत' असा एक शिक्का होता पोस्टात,
लाकडी मुठीचा.
तो मारून किती पाकिटं मी परत धाडली
याचा हिशोब कधी ठेवला नाही.

शेवटी म्हटलं, हे बघ,
जूनमधल्या परीक्षेत लुईच लिही,
कँपेरचे परीक्षक अर्धा गुण कापतील.
"आणि इथे?"
इथे मी बरोबरची खूण केली नाही,
फुलीही नाही.
त्यानं समासात शिसपेन्सिलीनं लुई लिहिलं,
इतकं पुसट की
फुंकरीनं उडावं.

खुर्च्या लावताना गुलालईनं विचारलं,
पुढच्या मंगळवारी काय?
'आँ', मी म्हणाले.
त्यातलं थोडं, त्यातलं काहीच नाही,
तिथून परत आलेलं.
सोपं आहे का?
अक्षरं दोन आहेत, मी म्हटलं
आणि दिवा मालवला.