रकाना अकरा

साडेसहालाच तिपाई उभी केली बारवेच्या काठावर.
ऊन चढलं की काळा दगड तापतो
आणि लेझरला हवेची थरथरही पायरी वाटते.

बालाघाटाच्या उतारावरची कान्नरवाडी.
गावात बँक नाही, बारवेला मात्र चारी दिशांनी जिने,
आठ देवकोष्ठं, सात रिकामी,
आठव्यात कुणाची तरी साबणाची वडी.

यंत्र स्वतःभोवती फिरतं, जात्यागत, सावकाश,
सेकंदाला लाखभर ठिपके सांडत.
पडद्यावर उमटत जाते
पाण्याविना, पारव्यांविना, वजनाविना बारव.
मिलिमीटरपर्यंत खरी.
तिच्यात उतरलं तर पाय कुठंच टेकत नाही.

"काय मोजायलाव, बाई?"
तिम्मा धोत्रे. पाट्यावरवंट्यांना टाकी लावत
बाजारामागून बाजार फिरलेला माणूस.
म्हटलं, हा दांडा धरा, बुडबुडा मधोमध.
त्यानं धरला, आणि बुडबुडा निजलाच.

दुपारी पिंपळाखाली रकाने भरले.
पाच : शैली. यादवकालीन, पुढं प्रश्नचिन्ह.
नऊ : सध्याचा वापर. कपडे, पोहणं, एखादा नवस.
अकरा : कर्ता.
अकरावा कोरा ठेवला तर नोंद जतन होत नाही,
म्हणून अज्ञात.
आजवर चार हजार दोनशे सहा वेळा अज्ञात.
बोटाला आता विचारावं लागत नाही.

पश्चिमेच्या जिन्यात, सतराव्या पायरीच्या अंगाला
करंगळीएवढा बाण, शेपटीला टिंब.
फोटो चढवला. रेंज एक कांडी.
डेटाबेस बराच वेळ चाळत बसला
आणि त्यानं एकच जुळणी समोर ठेवली :
किल्ल्यातली मशीद, छत्तीस किलोमीटर,
मिहराबालगतच्या खांबाचा तळ.
हाच बाण. हेच टिंब.
मधे तीनशे वर्षं.

फोनवर नाझनीन म्हणाली, दगड उचलून नेला असेल.
किंवा आपली एक तारीख चुकलीय.
किंवा दोन्ही.

तिम्मानं अंगठा फिरवला पायरीवरून,
त्या बारीक चरांवरून
ज्यांना माझं सॉफ्टवेअर गोंगाट म्हणतं
आणि गाळून टाकतं.
"डावखुरा हुता. घाव उलट्या अंगानं आलेत."
मी मशिदीचा फोटो मोठा करून दाखवला.
त्यानं मोबाइल उन्हाआड धरला, डोळे बारीक केले.
"ह्यो बी डावखुरा.
पर ह्यो दुसरा. ह्येचा हात हलका."

एवढंच. मग त्यानं तंबाखू मळली.

मी अकराव्या रकान्यातला अज्ञात खोडला,
लिहिलं : डावखुरा.
मशिदीच्या नोंदीत गेले, लिहिलं :
डावखुरा, दुसरा, हात हलका.
लाल अक्षरं आली : हा शब्द यादीत नाही.

पुन्हा लिहिलं. पुन्हा लाल.

खालून, पाण्याजवळच्या पायरीवरून
तिम्मा विचारतोय, दांडा ठिवू का आता?
थोडं थांबा, म्हटलं.
बुडबुडा मधोमधच असू द्या.