एकाच नावाचे नऊ

चिलोएच्या कुशीतलं हे धाकटं बेट.
सोमवारी शाळेत परीक्षा, आज शुक्रवार,
शेवटची बोट गेली, म्हणजे मीही इथंच.

एकतीस संगणक.
बारा सॅमन कंपनीने टाकून दिलेले, अजून खारट वासाचे,
आठ सांतियागोहून, खोक्यांसकट,
नऊ पातळ लॅपटॉप, ज्यांना तार खुपसायला भोकच नाही,
आणि दोन कुठून आले
ते मुख्याध्यापिका वेन्चुरबाईंनाही सांगता येईना.

एक यंत्र घासूनपुसून तयार केलं,
त्याचा साचा काढून सर्व्हरवर ठेवला,
म्हटलं, आता एका पातेल्यातून सगळ्यांना वाढू.

पहिलं यंत्र उठलं, पत्ता मागू लागलं.
ठिपका. ठिपका. ठिपका.
सर्व्हर म्हणे, मला कुणी हाकच मारली नाही.
दोघंही खरं बोलत होते.
मधला स्विच दार उघडण्याआधी
तीस सेकंद विचार करत बसायचा,
तोवर मागणारा कंटाळून निघून जायचा.
मी मध्ये एक जुना, बिनडोक, पाच भोकांचा स्विच बसवला,
ज्याला विचार करायची सवयच नाही.
लगेच जमलं.
हुशार माणसांबद्दल मी काही म्हणत नाहीये.

सॅमनवाले जुन्या रीतीने जागे होतात,
सांतियागोवाले नव्या.
एकाची फाइल दुसऱ्याला पचत नाही.
दोन पंगती मांडल्या.
तरी आठांच्या आठ जण निळे पडले:
डिस्क सापडत नाही.
डिस्क तिथंच होती, हात लावून पाहिली, कोमट होती.
सेटिंगमधला एक शब्द बदलला. आठ वेळा.

मध्यरात्री रोसामेल ओयार्सो, रखवालदार,
बटाट्याच्या गरम भाकऱ्या घेऊन आला.
म्हणाला, मी सात वर्षांचा असताना आमचं घर ओढलं.
अख्खं. खाली ओंडके, पुढे बैलांच्या चार जोड्या,
सगळं गाव दोराला,
आणि आईने चुलीवरची किटलीसुद्धा उतरवली नव्हती.
घर तेच, खिडक्या त्याच,
पण नव्या जमिनीला उतार.
दार आपोआप उघडायचं.
बाप वर्षभर पाचरी ठोकत होता.

मी ऐकत होते आणि
एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर
चौथ्या फोल्डरात शोधत होते.

मग लॅपटॉप.
त्यांच्यासाठी डोंगल एकच.
पहिल्याला नाव दिलं शाळा-२१,
डोंगल काढून दुसऱ्याला लावला,
सर्व्हर म्हणाला, अरे शाळा-२१, तुझं तर झालंय की.
तिसऱ्यालाही तेच. नवव्यालाही.
तो तोंड बघत नाही,
दाराशी कुठली चप्पल आहे तेवढंच बघतो,
आणि चप्पल डोंगलची.

रोसामेल हसला.
आमच्यात आजोबा रोसामेल, बाप रोसामेल, मी रोसामेल.
आजी एकदा हाक मारायची, तिघं यायचे.
मग?
मग काय, ज्याचं काम असेल त्याच्याकडे बघायची.

मी सर्व्हरला चप्पल सोडून
आत बोर्डावर कोरलेला आकडा वाचायला शिकवलं.
त्यात पहाटेचे चार वाजले.
नऊ जण नऊ नावांनी उभे राहिले,
एक जण थोडा उशिरा.

उरले बेवारशी दोन.
एकाने मुकाट्याने साचा घेतला.
दुसरं मानेना: त्याच्या मते आज
एक जानेवारी दोन हजार नऊ,
आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही.
घड्याळाची बॅटरी मेलेली.
बेटावर दुकान नाही.

रोसामेल उठून गेला, परत आला,
तळहातावर एक गोल बॅटरी.
मासे तोलायच्या काट्यातली.

सात वाजता एकतिसावं यंत्र आजच्या तारखेला आलं.
पुढच्या बोटीने नवी पाठवते म्हटलं,
तो म्हणाला, घाई नाही.

धक्क्यावर बोटीची वाट बघताना दिसलं:
तो मासे हातानेच तोलत होता,
जरा वर, जरा खाली, मग एक आकडा सांगायचा,
आणि बायका तेवढे पैसे मोजून
पुढे जात होत्या.