एक कागद कमी

शरणपूरच्या देवळात पापांगीकार
आम्ही सगळे एका दमात म्हणतो,
शाळेतल्या पाढ्यासारखा.
केलेलं, राहून गेलेलं, सगळं घाऊक.
पाळक क्षमा सांगतात,
बाकं करकरतात, आपण बसतो.

माझं घाऊक नव्हतं.
त्याला पाळी होती, दुसरी.
टेबल होतं, खिडकीकडचं.
नाशिकरोडच्या छापखान्यात मी कागद मोजायचो,
आणि त्या रात्री धाकट्या सिप्पोराला ताप होता
नि शेवटचा गठ्ठा न मोजताच
मी शंभर लिहिलं.

नव्याण्णव निघाले.

साहेबांनी विचारलं, कुणाच्या हातून गेला?
म्हणालो, निवृत्तीच्या.
खोटं नव्हतं, त्याच्याही हातून गेला होता.
बाकीचं मी
गप्प राहून सांगितलं.

कागद सापडला वर्षभरानं,
यंत्राच्या पत्र्याखाली, शाईनं माखलेला.
तोवर निवृत्ती मोगल पिंपळगावात
द्राक्षांच्या पेट्या भरत होता, रोजंदारीवर.

तेवीस वर्षं प्रभुभोजनाला गुडघे टेकले.
भाकर टाळूला चिकटायची.
रविवारच्या शाळेत मेंढराची गोष्ट सांगताना
नव्याण्णव म्हटलं की घसा बसायचा.
रामकुंडावर लोक बुड्या मारताना दिसायचे.
एकदा वाटलं, उतरावं.
पण माझं पाप कागदाचं असून
भिजणारं नव्हतं.

यंदा उपासकाळात पाळकांना सांगितलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
मग म्हणाले, पिंपळगावची एसटी
दर अर्ध्या तासाला असते.

निवृत्ती ओट्यावर बेदाण्यातल्या काड्या निवडत होता.
मी उभ्यानंच सांगितलं, तारखेसकट.
तो निवडत राहिला.
म्हणाला, "माहीत होतं."
मग म्हणाला, "थोरलीची सोयरीक मोडली तेव्हा
तुला मारायला निघालो होतो.
द्वारकेपर्यंत आलो."
मग काहीच म्हणाला नाही.

माफ केलं, असं तो म्हणाला नाही.
मीही मागितली नाही.
मागायलाच गेलो होतो, पण तिथं वाटलं
हा पुन्हा त्याच्याच खिशात हात.

त्यानं सूप माझ्याकडे सरकवलं.
काड्या बारीक, नजर दोघांची अधू.
दिवा लागला तरी आम्ही तसेच.
आतून कारभारीण म्हणाली,
शेवटची एसटी गेली की हो पाहुण्यांची.

निवृत्ती वर न बघता म्हणाला,
"दोन भाकरी वाढव."