ए-४०७

नकाशांच्या पानांना नंबर द्यायचं काम माझ्याकडे आलं
कारण ते करणारी मार्लिस हापाला
फेब्रुवारीत निवृत्त झाली, आणि ऑफिसात
दुसऱ्या कुणाला त्यात रस नव्हता.

जाताना तिने सांगितलं ते एवढंच:
लागोपाठ मोजू नकोस.
एकशे एक, एकशे दोन, फार तर तीन, मग थांब.
पुन्हा दोनशे एकपासून धर.
मधे जागा सोड. लोकांना उशिरा सुचतं.

ए म्हणजे आमचं. एस लोखंडवाल्यांचं.
पी म्हणजे पाणी, येणारं आणि जाणारं.
शंभरात वरून पाहिलेले मजले,
दोनशेत समोर उभं राहून पाहिलेल्या भिंती,
तीनशेत सुरीने कापलेली इमारत,
चारशेत भिंगाखालच्या खोल्या.
पाचशेत ती बोटभर जागा
जिथे चौकट विटेला भेटते
आणि जिच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात.

डुलुथच्या उत्तरेला, खाणींच्या एका गावात
अग्निशमन केंद्र बांधायचं होतं. बहात्तर पानं.
दोन बंब, शिडीची एक गाडी, आठ माणसं,
आणि माणसांसाठी सौना.
तिकडे ही चैन समजत नाहीत.
वेन कोस्केलाची आजी सौनातच जन्मली,
घर नंतर बांधलं.
सौनाचं पान ए-४०७:
देवदाराची बाकं, दगडांची भट्टी,
फरशीला मोरीकडे फुटामागे पाव इंच उतार.

जूनमध्ये पैसे कमी पडले.
गावाच्या सभेत पाच विरुद्ध दोन.
मी ए-४०७ काढलं.
चारशे आठला चारशे सात करायला हात शिवशिवत होते,
रांग किती नेटकी दिसली असती.
पण अकरा पानांवर छोटी छोटी वर्तुळं होती,
प्रत्येकाच्या पोटात एक पत्ता:
चारशे आठ पाहा, चारशे नऊ पाहा.
एक नंबर सरकवला
की माणूस जिना शोधत संडासात पोचतो.

मार्लिसला फोन लावला. ती तळ्यावर होती, होडीत.
म्हणाली, त्याचा नंबर त्यालाच राहू दे.
पुढे लिही, वापरलेलं नाही.

चारशे सहा: स्वयंपाकघर.
चारशे सात: वापरलेलं नाही.
चारशे आठ: जिना.

ऑक्टोबरात साइटवरून वेनचा फोन.
मागे पानं फडफडत होती.
इथलं वर्तुळ म्हणतंय चारशे सात पाहा.
कुठाय चारशे सात?
सूची बघ, म्हटलं.
सूची म्हणते नाही.
मग नाही.
बराच वेळ नुसता वारा.
मग तो म्हणाला, पण पी-२०१वर मोरी आहे.
मंगळवारीच काँक्रीट ओतलं आम्ही तिच्याभोवती.

मी पी-२०१ उघडलं. होती.
उतारही होता.
पाणीवाल्यांना कुणी कळवलंच नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

आमच्याकडे पद्धत अशी, की जे बदललं
त्याभोवती ढग काढायचा
आणि शेजारी त्रिकोणात आकडा.
मी ढग काढला, त्रिकोण काढला,
खोलीचं नाव बदलून ठेवलं भांडार.
कागदावर सगळं मिटलं.
ओतलेल्या काँक्रीटला ढगाशी काही देणंघेणं नसतं.

मे महिन्यात उद्घाटन, कॉफी, दालचिनीचा पाव.
वेनने मला भांडार दाखवलं.
कुंचे, साबणाचे डबे, चाकांची बादली.
बादली भिंतीशी लावून तो बाजूला झाला, म्हणाला, बघ.
ती निघाली. सावकाश, कुरकुरत,
खोलीच्या मधोमध जाऊन मोरीवर थांबली.

त्याने पायाने तिला परत भिंतीशी ढकललं.
हातांनी हवेत एक चौकोन दाखवला: भट्टी इथे बसते.
मग दार लावता लावता विचारलं,
ते पान टाकून दिलंस का?

नाही, म्हटलं.
नंबर अजून त्याच्याच नावावर आहे.

तेवढ्यात दाराआड बादली पुन्हा निघाली.