सन सतराचा पुरावा

वर्षागणिक एक तरी कागद, वकिलाची मदतनीस म्हणाली,
सात वर्षं, सात कागद, जास्त निघाले तर बरंच.
मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिच्या टेबलावर पालथा केला.

चौदा सालची कुताइसीला पैसे धाडल्याची पावती,
शाई उडालेली; उजेडात तिरकी धरली की दिसते.
पंधरा सालचा दंड: बस, विनातिकीट.
तेव्हा लाजेने रडले होते,
कागद प्रार्थनेच्या पुस्तकात दडवला होता.
आज तोच सगळ्यांत वर.
सोळा साली दाढ काढली. दाढ गेली, बिल आहे.
अठरापासून बँकेत खातं, तिथून पुढे मी सलग आहे.

आणि सतरा?

सतरा साली पोलिक्सेनीबाईंचं खुब्याचं हाड मोडलं.
तिसरा मजला, लिफ्ट बंद.
भाजी दोरीच्या टोपलीतून वर यायची,
औषधं फोतिनीचा पोऱ्या दारात टेकवून पळायचा.
वीज बाईंच्या नावे, पाणी बाईंच्या नावे,
आणि माझा पगार त्यांचा थानासिस जर्मनीहून
परस्पर माझ्या आईला धाडायचा.
वर्षभर मी उंबरठा ओलांडला नाही.
म्हणजे या देशात जेव्हा सगळ्यांत जास्त होते
तेव्हाच कागदोपत्री कुठेही नव्हते.

राहिलात कुठे, अर्जात विचारतात.
राहिले ना.
जेवण राहिलं, दुसरी दाढ राहिली,
लेकीचं लग्न बघायचं राहिलं,
फोनवर वऱ्हाडाचा गलका तेवढा ऐकला, तोही बाईंना बेडपॅन देता देता.
एवढं सगळं राहूनही
राहिल्याचा दाखला नाही.

मग ती निळी वही नेली.
सकाळ-संध्याकाळ बाईंचा रक्तदाब, माझ्या अक्षरात,
नाताळलाही खाडा नाही.
मदतनीसने पानं चाळली, मन लावून, खोटं कशाला बोलू.
म्हणाली, यावरून आजी इथे होत्या
एवढंच सिद्ध होतं.

बाई जाऊन आता तीन वर्षं झाली.
त्या इमारतीत पाऊल टाकवत नव्हतं, तरी गेले.
जिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे लेओनिदास भेटले,
चपला-बुटांचं दुकान होतं त्यांचं, आता घरीच असतात.
सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या सपातांकडे बघत म्हणाले,
मी तुझी तक्रार केली होती. पोलिसांत. त्याच वर्षी, ऑक्टोबरात.

दुसऱ्या दिवशी टाय बांधून माझ्यासोबत आले.
खिडकीशी तेच बोलले, मोठ्याने, मी बहिरी असल्यासारखं.
नक्कल मिळायला दोन तास लागले.
दोघांनी एकाच यंत्रातली कॉफी प्यायली,
पैसे त्यांनी दिले, मी देऊ दिले.

'तिसऱ्या मजल्यावर राहणारी परदेशी बाई
रोज रात्री तीनच्या सुमारास गाते,
सबब झोप होत नाही.'
खाली तारीख, सही, गोल शिक्का.

तीन वाजता पोलिक्सेनीबाई आईला हाका मारायच्या,
शंभर वर्षांपूर्वीच्या आईला.
मला ग्रीक अंगाई येत नव्हती.
जी येत होती तिचे निम्मे शब्द विसरलेले,
तिथे नुसतं गुणगुणायचे.

मी मात्र एकाच शब्दावर बोट ठेवून बसले होते:
राहणारी.
सात वर्षांत कुणी लिहून दिला नव्हता.

लेओनिदासनी चष्मा पुसला, म्हणाले, आवाज वाईट नव्हता.
भिंत पातळ होती.

मदतनीस खूश झाली. नक्कल दोनदा वाचली,
मग पेन्सिलीने एका जागी बारीक गोल काढला.
हवालदाराने लामाराच्या जागी लांब्रिनी लिहिलंय.
अडचण मोठी नाही, म्हणाली,
फक्त अजून एक कागद लागेल,
रात्री गाणारी ती बाई
आणि तुम्ही
एकच असल्याचा.