उरलेले पावणेनऊ तास

पुण्याहून आलेला तरुण म्हणतो,
मॅडम, नव्व्याण्णव पॉइंट नऊ टक्के. गॅरंटी.
मी कॅल्क्युलेटर ओढते.
वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ,
त्यातले पावणेनऊ तुमच्या गॅरंटीबाहेरचे.
ते कुठल्या दिवशी येतात?
तो हसतो. त्याला वाटतं मी गंमत करते.

इथं शाहूपुरीत भरवसा फुटांत मोजतात.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीसला इशारा,
त्रेचाळीसला धोका,
त्याच्यापुढं मोबाईलवर नुसते आकडे फिरतात,
जेवलास का, असं कोण विचारत नाही.

त्या साली पतसंस्थेचा सर्व्हर तळमजल्यावर होता,
फरशीपासून एक वीट वर.
त्या विटेचं मगदूमसाहेबांना फार कौतुक.
बॅकअप? होता की.
रोज रात्री अकराला, न चुकता,
हिरवा दिवा लागायचा.
डिस्क त्याच कपाटात, खालच्या खणात,
उदबत्तीचा पुडा आणि शिक्क्यांशेजारी.

पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं.
खणात गाळ,
गाळात एक मासा, बोटाएवढा,
आणि सात वर्षांच्या ठेवी.

होस्टिंगवाला फोनवर म्हणाला,
दुसरी प्रत आमच्याकडं आहे, निवांत राहा.
दोन दिवसांनी म्हणाला,
फाईल आहे, उघडत नाही.
मार्चपासून उघडत नव्हती.
कुणी उघडून बघितली नव्हती, एवढंच.

मग लोक आले.
चिखलीचे, आंबेवाडीचे, बावड्याचे.
कॅरीबॅगेत, उशीच्या अभ्र्यात,
शौकत बागवाननं तर कुकरमध्ये,
झाकण लावून, शिट्टीसकट,
पासबुकं आणली.
होडीत चढताना हातात काय घ्यायचं
हे त्यांना कुठल्या कंपनीनं शिकवलं नव्हतं.
अकराशे चाळीस खाती.
उधारीच्या हॉलमध्ये, उधारीच्या कॉम्प्युटरवर
आम्ही चौघं सतरा दिवस टाईप करत होतो.
ओल्या पानांवर पावडर मारायची, मग उलटायचं.
त्या वासाला अजून नाव सापडलेलं नाही.

इंद्रायणी हुक्केरीचं पासबुक वाहून गेलं.
म्हणाली, चार हजार दोनशे दहा.
मगदूमसाहेब म्हणाले, पुरावा?
ती म्हणाली,
तुमचाबी गेलाच की ओ.
साहेबांनी चष्मा पुसला.
मी लिहिलं. पेन्सिलीनं.

तेव्हा पोरा, रंगीत पत्रकं राहू देत.
तुझ्या मशिनी कितव्या मजल्यावर,
दुसरी प्रत कुठल्या नदीच्या काठावर,
रात्री दोनला फोन कोण उचलतं,
त्याचं नाव सांग, नंबर नको.
आणि हा रिकामा लॅपटॉप घे.
महिनाभर चाचणीला आमच्या प्रती तुझ्याकडंच आहेत.
कालची यावर उभी करून दाव.
आत्ता. माझ्यासमोर.

तो चार्जर शोधतोय.
पुण्याला फोन लावतोय, व्हरांड्यात जाऊन,
हळू आवाजात.

मी आधी खातं सातशे तेरा उघडणार.
चार हजार दोनशे दहा, वर व्याज.
पेन्सिलीचं काय, शाईचं काय,
मशीनला सगळं सारखंच.
मला नाही.

दोन वाजून वीस मिनिटं झाली.
चहा पुन्हा सांगते.